ग्लिसरीनची बाटली कुठून आली? सरकारी औषधखरेदीची एक गोष्ट

"डॉक्टरसाहेब, सरकारी दवाखान्यातली गोळी असर करते का हो?" गोंदियात ओपीडीत बसणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हा प्रश्न ओळखीचा आहे. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण त्यामागे मोठा इतिहास आहे.

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जेजे रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. ते ज्या आजारासाठी दाखल झाले होते, त्याने नाही. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी तेव्हा ग्लिसरीन पाजत असत. ते शरीरात गेले की पाणी ओढून घेते आणि सूज उतरते. उपचार जुना आणि साधा. पण या रुग्णांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली.

बाटलीत ग्लिसरीनबरोबर डायइथिलीन ग्लायकॉल होते, 18.5 टक्के. हा पदार्थ ब्रेक ऑइल आणि कारखान्यातल्या द्रावकांसाठी वापरतात. रंग नाही, चव गोडसर, दाटपणा ग्लिसरीनसारखाच. डोळ्यांनी किंवा जिभेने फरक कळत नाही, पण प्रयोगशाळेत सहज कळतो. शरीरात त्याचे डायग्लायकोलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडाच्या पेशी मारते.

ही भेसळ नवी नव्हती. 1937 मध्ये अमेरिकेत याच पदार्थात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसे मेली होती आणि त्यामुळे तिथला औषध कायदा बदलला. म्हणजे जेजेच्या 49 वर्षे आधी जगाला हे ठाऊक होते.

मग बाटली वॉर्डात पोहोचली कशी? हे शोधायला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1988 मध्ये लोकांसमोर आला. कारखान्यांसाठीचे ग्लिसरीन औषधी म्हणून रुग्णालयात आले होते. आयोगाने पुरवठादारावर बोट ठेवलेच, पण रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि मंत्रालय यांनाही सोडले नाही. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

लोक हे प्रकरण "स्वस्तातले औषध घेतले म्हणून झाले" असे सांगतात. मला ते अर्धेच पटते. सरकारी पैशाने औषध घ्यायचे तर भाव बघावाच लागतो. चूक होते ती भाव बघून झाल्यावर थांबण्यात. हा माणूस औषध स्वतः बनवतो की दुसऱ्याकडून आणून विकतो? त्याचा कच्चा माल कुणाचा? आलेल्या मालाचा नमुना कुणी तपासला? हे विचारले नाही तर निविदेचा कागद कितीही चोख असला तरी बाटलीत काय आहे ते कळत नाही. 2006 मध्ये पनामात हेच घडले. चीनमधले विषारी द्रव्य ग्लिसरीन म्हणून स्पेनमार्गे तिथे गेले. शुद्धतेचे प्रमाणपत्र सोबत होते, पण मधल्या कुणीच पिंप उघडून तपासले नाही.

स्वस्त आणि खात्रीचे औषध एकत्र मिळू शकते, हे तमिळनाडूने दाखवले. 1994 मध्ये तिथे औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ निघाले. आधी कंपनीची पात्रता, मगच भावाचे पाकीट. आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातो. नापास झालेला पुरवठादार काळ्या यादीत. आपल्याकडे 2017 पासून ही खरेदी हाफकिनकडे होती. 2023 मध्ये त्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला.

आणि त्याच 2023 मध्ये, नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयात बनावट अँटिबायोटिक सापडले. पोलिसांच्या आरोपपत्रानुसार अशा गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होते. वेष्टनावरची कंपनीच अस्तित्वात नव्हती. ही गोळी विष नव्हती हे खरे, पण न्यूमोनियाच्या रुग्णाला पिठाची गोळी देणे म्हणजे त्याचे उपचाराचे दिवस चोरणे. हे उघड झाले ते एका औषध निरीक्षकाने नमुना घेतला म्हणून. म्हणूनच "सरकारी गोळी घेऊ नका" असे मी सांगत नाही. तीच गोळी दुकानातून आली तरी तिच्यामागची साखळी तितकीच लांब असते. 2025 मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात वीसच्या वर चिमुकली दगावली. ते खोकल्याचे सिरप दुकानातून विकत घेतलेले होते आणि त्यात तोच डायइथिलीन ग्लायकॉल निघाला. त्यांतली कितीतरी मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती.

घरात लहान मूल असेल तर एवढे करा. सिरप डॉक्टरांना विचारूनच द्या. अगदी लहान मुलांना खोकल्याचे औषध बहुतेक वेळा लागतच नाही. बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि तारीख बघा. औषध सुरू केल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, उलट्या किंवा सुस्ती आली, तर औषध बंद करून लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. बाटली फेकू नका, सोबत घ्या. तपासायला तीच लागते.