सुट्टी आणि स्मरण

केडगावाहून पुणे रस्त्याने नगरात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना भुईकोट किल्ला नवा नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना इंग्रज सरकारने याच किल्ल्यात डांबले. नेहरूंनी १९४४ मध्ये येथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील बहुतेक पत्रेही इथलीच. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले, तेव्हा मौलाना या तटांच्या आतच होते.

या बंदिवानांपैकी तिघांचे जन्मदिवस राष्ट्रीय पातळीवर पाळले जातात : पटेलांचा ३१ ऑक्टोबर, आझादांचा ११ नोव्हेंबर आणि नेहरूंचा १४ नोव्हेंबर. एकता दिन, शिक्षण दिन आणि बालदिन. मात्र गांधीजयंतीसारखी राष्ट्रीय सुट्टी यांपैकी एकाही दिवशी नसते. २००८ मध्ये शिक्षण दिन जाहीर करताना, तो सुट्टी न देता साजरा व्हावा, असे केंद्र सरकारने स्पष्टच केले होते. मग सन्मान कुठे कमी पडला काय?

सार्वजनिक सुट्टी जाहीर होते ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली. हा कायदा मुळात वचनचिठ्ठ्या, हुंड्या आणि धनादेशांचा. देय तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर ती आदल्या कामाच्या दिवशी धरावी, एवढाच त्या कलमाचा व्यापारी हेतू. थोर पुरुषांना वंदन करण्यासाठी आपण सावकारीच्या कायद्याचा आधार घेतो, ही गोष्ट गमतीची खरी. पण तेवढ्यावरून सुट्टीची मागणी हास्यास्पद ठरत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके गावाच्या हिशेबातच धरले नाही, त्याच्यासाठी १४ एप्रिलला सरकारी दरवाजे बंद असणे हीच आपल्या अस्तित्वाची पोच असते. ती मागणी विश्रांतीची नसते, बरोबरीची असते. २०१७ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने महापुरुषांच्या नावाच्या पंधरा सुट्ट्या रद्द केल्या. मुलांना त्या दिवशी शाळेतच त्यांची माहिती द्यावी, हा त्यामागचा युक्तिवाद. तो शैक्षणिकदृष्ट्या बिनतोड वाटतो, पण ही पोच तो लक्षात घेत नाही.

तरीही पोच मिळाल्यावर वाचन उरतेच. किल्ल्यातल्या त्या तिघांचे दिवस आपल्याकडे पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीतच जातात आणि वर्ग उघडे असले, तर हार-फोटोवर भागते. सुट्टी द्यायची की नाही, हे शासन ठरवील. उघड्या वर्गात त्या दिवशी किल्ल्यात लिहिलेले एखादे पान वाचायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.