संकेतस्थळासाठी पर्यायी सर्व्हर

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र म्हणून आणि समुद्रकिनाऱ्यासाठीही प्रसिद्ध आहे. येथे येणारे अनेक पर्यटक निवासाची चौकशी संकेतस्थळांवरूनच करतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब कोसळले. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली आणि दूरध्वनी सेवाही विस्कळीत झाली. अशा वेळी एखाद्या निवासगृहाचे संकेतस्थळ त्याच्या कार्यालयातील संगणकावर असेल, तर गावाची वीज जाताच तेही बंद पडणार, हे उघड आहे.

यावरचा उपाय म्हणजे पर्यायी सर्व्हर. संकेतस्थळाची तीच माहिती दोन किंवा अधिक सर्व्हरवर ठेवली जाते. एका पद्धतीत सर्व सर्व्हर एकाच वेळी काम करतात आणि वाचकांचा भार वाटून घेतात. दुसऱ्या पद्धतीत एक सर्व्हर काम करतो व दुसरा सज्ज राहतो. पहिल्याकडून ठरावीक काळात प्रतिसाद आला नाही, तर वाचकांना आपोआप दुसऱ्याकडे वळवले जाते.

याचा लाभ साध्या गणिताने कळतो. ९९ टक्के वेळ चालणारा सर्व्हर वर्षातून सुमारे साडेतीन दिवस बंद असतो. तसे दोन सर्व्हर एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद राहण्याचा काळ वर्षाला सुमारे ५३ मिनिटांवर येतो. मात्र ‘स्वतंत्र’ ही अट महत्त्वाची. दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत, एकाच वीजजोडणीवर वा एकाच केबलवर असतील, तर हे गणित कोलमडते.

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्या ग्राहकांच्या माहितीची राखीव प्रतही त्याच परिसरात होती, त्यांपैकी काहींनी दोन्ही गमावल्या. म्हणूनच दुसरा सर्व्हर दुसऱ्या शहरात असणे इष्ट. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारे नेम सर्व्हरही वेगवेगळ्या ठिकाणी असावेत. ते उपलब्ध नसतील, तर सुस्थितीतील सर्व्हरही वाचकांना सापडत नाही.

पर्यायी सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे. पहिल्या सर्व्हरवर चुकून पुसलेली नोंद क्षणार्धात दुसऱ्यावरूनही पुसली जाते. त्यामुळे दररोजची प्रत स्वतंत्रपणे जपावी आणि ती प्रत्यक्षात वापरता येते का, हे अधूनमधून पाहावे. तसेच पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसरा काम उचलतो का, याची वर्षातून एकदा तरी चाचणी घ्यावी. कोकणात त्यासाठी पावसाळ्यापूर्वीचा काळ योग्य ठरतो.

आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. गाव संपर्काबाहेर असताना संकेतस्थळ मात्र खोल्यांचे आरक्षण घेत राहिले, तर पर्यटकांचीच फसगत होईल. आरक्षण थांबवण्याचा अधिकार गावाबाहेरील एका विश्वासू व्यक्तीकडे असल्यास हा प्रसंग टळतो.