घरातले दोन कॉम्प्युटर आणि सांबा

घरात दुसरा कॉम्प्युटर आला की फायलींची रड सुरू होते. फोटो एकावर, हवेत दुसऱ्यावर. पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत किती हेलपाटे घालणार? मग प्रश्न येतो: एनएफएस वापरायचं की विंडोजवालं शेअरिंग, म्हणजे एसएमबी?

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलं, युनिक्सवाल्यांसाठी. एसएमबी आयबीएममध्ये जन्मलं आणि पुढे मायक्रोसॉफ्टने उचललं. दोघांचं आपापसात जमत नसे. ते जमलं त्याची गोष्ट मस्त आहे.

डिसेंबर १९९१. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपल्या डॉसच्या पीसीवरून सनच्या मशीनची डिस्क वापरायची होती. प्रोटोकॉलची माहिती हाताशी नव्हती. पठ्ठ्याने वायरवरून जाणारी पॅकेट्स बघून बघून सर्व्हर लिहिला! पुस्तकाशिवाय फ्रेंच शिकायचं तर कॅफेत बसून लोकांचं बोलणं ऐकायचं, असं तो ही पद्धत समजावताना सांगायचा. आपण लिहिलंय ते एसएमबी आहे, हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं.

पुढे काम बाजूला पडलं. १९९३ च्या अखेरीस त्याला बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्सला जोडायचा होता (बघा, शेवटी घरचंच काम!). जुना कोड चालवून पाहिला, तर चक्क चालला. नंतर नावाच्या ट्रेडमार्कची अडचण आली, तेव्हा त्याने एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द डिक्शनरीत शोधले. सापडला 'सांबा'.

अधिकृत माहिती मिळायला मात्र २००७ उजाडलं. युरोपियन कमिशनच्या २००४ च्या आदेशावर कोर्टाने शिक्कामोर्तब केलं आणि १०,००० युरो भरून सांबावाल्यांना मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं मिळाली. २०१३ मध्ये अ‍ॅपलनेही मॅकवर एसएमबी२ डीफॉल्ट केलं.

म्हणून माझं मत असं: घरात विंडोज, मॅक, लिनक्स अशी खिचडी असेल तर एसएमबी घ्या. सगळं लिनक्सच असेल तर एनएफएस सुटसुटीत, फक्त युजर आयडी सगळीकडे सारखे ठेवा.

आणि एक काम आजच करा. एसएमबी१ सुरू असेल तर बंद करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो त्यातल्याच भोकातून. पॅच मार्चमध्येच आला होता, पण लाखो मशीनवर तो टाकलेलाच नव्हता. तुमचे फोटो त्या रांगेत नकोत.