बर्फ कोणी काढायचा आणि माती कोणी?

बर्फ पडणाऱ्या देशांतील शहरांपुढे दर हिवाळ्यात एक प्रश्न उभा राहतो. घर खासगी, घरासमोरचा पदपथ सार्वजनिक. मग पदपथावरचा बर्फ कोणी काढायचा? अमेरिकेतील बॉस्टन शहराने तो घरमालकाने काढावा असा नियम केला होता. वाद न्यायालयात गेला आणि १८३५ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरविला. हे काम झटपट करणे लगतच्या मालकालाच शक्य असते आणि त्याचा लाभ त्यालाही होतो, असे न्यायालयाचे म्हणणे. उलट इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ साली ब्लूमिंग्टन शहराचा असाच नियम अवैध ठरविला. पदपथ सर्वांचा, मग बोजा एकट्यावर का? आम्हाला पहिला युक्तिवाद अधिक पटतो.

नांदेड-लातूरला बर्फ पडत नाही. पण घरमालकाचे इतरांविषयीचे कर्तव्य तेथेही आहेच. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३५४ आणि इतर महापालिकांसाठी असलेल्या १९४९ च्या कायद्यातील कलम २६४ यांनुसार, मोडकळीस आलेले बांधकाम पाडण्याची, सुरक्षित करण्याची किंवा दुरुस्त करण्याची लेखी नोटीस मालकाला देता येते. धोका आत राहणाऱ्याला असो की नुसते जवळून जाणाऱ्याला, दोघांचाही विचार या कलमांत आहे. नांदेडला महापालिका १९९७ साली झाली, लातूरला २०११ साली.

मात्र मराठवाड्यातील सर्वांत मोठा घात घडला तो खेड्यांत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या, जोडणी मातीची, वर लाकडी तुळयांवर माळवद. पाऊस आत येऊ नये म्हणून मालक पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर देई. जुना थर मात्र सहसा कोणी काढत नसे. वर्षानुवर्षे असे होऊन ही जाडी अर्ध्या मीटरवर गेलेली असे.

आता हिशेब करू. दाबलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १६०० किलो. अर्धा मीटर थर म्हणजे चौरस मीटरमागे ८०० किलो, आणि ३ मीटर बाय ४ मीटरच्या खोलीवर साडेनऊ टनांहून अधिक. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरले, तर एवढा भार होण्यास छतावर ८ मीटर बर्फ साचावा लागेल!

बर्फ आणि माती यांत एक मोठा फरक आहे. बर्फ न काढणे हा आळस. माळवदावर माती टाकणे हा मात्र घराची निगा राखण्याचा भाग होता. नोटिशीचा कायदा पडके घर शोधतो. किल्लारीची कित्येक घरे रस्त्यावरून भक्कमच दिसत होती.

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन हाती घेतले. ५२ गावे नव्या जागी वसली. इतर हजारो गावांत घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीसाठी मदत मिळाली. माळवदावरची माती कमी करणे आणि भिंतीच्या दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड बसविणे हे त्यांतले मुख्य उपाय. नोटिशीऐवजी मदत देणे आम्हाला योग्य वाटते. दरिद्री मालकाला दंड करून भार उतरत नाही.

जुनी माळवदे अजून पुष्कळ गावांत आहेत. मालकाला विचारून विद्यार्थ्यांसह मातीच्या थराची जाडी जरूर मोजावी. दर १० सेंटिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे १६० किलो धरावेत.