कॉर्नवॉलचे समूहगान आणि प्रादेशिक अस्मिता

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, टेमार नदीपलीकडे असलेल्या कॉर्नवॉलची स्वतंत्र केल्टिक भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस नित्य व्यवहारातून जवळजवळ लोपली आणि आपण इतर इंग्रजांहून वेगळे आहोत ही तेथील भावना जागती ठेवण्याचे काम पुढे बव्हंशी गाण्याकडे आले. हे गाणे मात्र समजले जाते तितके प्राचीन नाही. प्रदेशगीताचा मान मिळालेले ‘ट्रेलॉनी’ हे मॉर्विन्स्टोचे पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८२४ मध्ये रचले. त्यातील पालुपद तेवढे जुने, असे त्यांनीच सांगितले होते. हे गीत निनावी छापले गेल्यामुळे चार्ल्स डिकन्ससारख्यालाही ते जुने लोकगीत वाटले.

या गायनाला खरी शिस्त लावली ती मेथडिझमने, म्हणजे जॉन वेस्ली यांच्या प्रेरणेने इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे वेगळा पंथ बनलेल्या चळवळीने. वेस्ली १७४३ मध्ये प्रथम कॉर्नवॉलमध्ये आले. पुढे ग्वेनॅप येथील, खाणकामाने जमीन खचून झाला असावा अशा एका विस्तीर्ण खळग्यात त्यांची प्रवचने होऊ लागली. कथील आणि तांब्याच्या खाणींत राबणाऱ्यांना या पंथाच्या साध्या प्रार्थनामंदिरांत, म्हणजे चॅपेलमध्ये, अनेक स्वरपट्ट्यांत एकत्र गाण्याचे वळण लागले आणि नंतरची पुरुष-गायकवृंदांची परंपरा याच वळणातून वाढली.

इलोगन गावचे थॉमस मेरिट (१८६३–१९०८) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. कोवळ्या वयात खाणीवर कामाला लागलेल्या आणि प्रकृतीने साथ न दिल्यामुळे संगीताकडे वळलेल्या या माणसाने रचलेली कॅरोल, म्हणजे नाताळची समूहगीते, विद्वत्तेच्या मोजपट्टीने फार मोठी ठरणार नाहीत. पण एका पट्टीने ओळ उचलावी, दुसरीने ती मागून पकडावी आणि अखेरीस सर्वांनी पूर्ण आवाजात एकत्र यावे, ही त्यांची घडण गाणाऱ्याला गुंतवून ठेवणारी आहे. १८६६ नंतर तांब्याचा धंदा कोसळला तेव्हा हजारो खाणकामगार परदेशी गेले, काही तर आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले, आणि या स्थलांतराबरोबर कॅरोलही देशोदेशी पोहोचली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा येथे १८९३ मध्ये कॉर्निश कॅरोलांचा संग्रह छापला गेला, तर मेरिट यांच्या रचना कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅलीत रुजल्या. पितळी वाद्यांच्या बँडची हौसही खाणगावांतलीच. कॅम्बोर्नच्या बँडची स्थापना १८४१ ची आहे.

विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनवाद्यांनी मात्र केल्टिक वारशावर भर दिला. १९२८ मध्ये वेल्सच्या धर्तीवर ‘गॉर्सेथ’ ही कवी व भाषाप्रेमींची सभा भरली आणि १९७८ मध्ये पेरनपोर्थला ‘लोएंडर पेरन’ हा केल्टिक संगीत-नृत्याचा महोत्सव सुरू झाला. हे प्रयत्न आदरणीय खरे, तथापि दारूच्या गुत्त्यात आणि रग्बीच्या मैदानावर लोक एकत्र येऊन जे गातात, त्यात पाद्र्याची कविता, चॅपेलची स्तोत्रे आणि अमेरिकेहून आलेले ‘लिटल आइज’ हे गाणे असे सारे सरमिसळ असते. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ज्या वेगळेपणावर ही मोहोर उमटली, त्याच्या जडणघडणीत या उसन्या आणि नव्या गाण्यांचा वाटा जुन्या केल्टिक सुरांपेक्षा मोठा आहे.