रत्नागिरीकडचे दुसरे टिळक

वाचकहो, टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. साहजिकच आहे, १८५६ साली ते रत्नागिरीतच जन्मले. पण त्यानंतर पाच वर्षांनी, १८६१ च्या डिसेंबरात, याच जिल्ह्यातल्या करजगावी आणखी एक टिळक जन्मास आले. ते नारायण वामन. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत घोकली असेल.

संस्कृत उत्तम, वाणी गोड, पण पायाला भिंगरी! नाशिक झाले, नागपूर झाले, राजनांदगाव झाले. नोकरी धरायची नि सोडायची. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ब्राह्मणाच्या घरातला माणूस बाटला म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेलाच. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षे नातलगांत राहिल्या. त्यांच्या हालांना पार नव्हता. पुढे त्या पतीकडे नगरास आल्या आणि १९०० साली, पुरता विचार करून, त्यांनीही दीक्षा घेतली.

नगरला टिळक धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्यांना शिकवीत. १९०४ मध्ये ते स्वतः रेव्हरंड झाले. आता अडचण पाहा. देवळात गायची गीते बहुधा इंग्रजीवरून उतरवलेली, चाली विलायती. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या गळ्यात त्या बसाव्यात कशा? टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन उभे केले. आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना-संगीता’त त्यांची अडीचशेच्या आसपास पदे आहेत. माझ्या मते त्यांची खरी शिकवणी हीच. वर्गातली तिच्यापुढे थोडी.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू त्यांच्याकडे आली. हे पत्र अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरास काढलेले. संपादक झाला म्हणून कवी थोडाच गप्प बसतो! पत्रात त्यांची पदे येऊ लागली. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, हे त्यांनी मिशनच्या पगारावर असतानाही लपवले नाही. अखेर १९१७ साली तो पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनमधल्या काहींना हे रुचले नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य तेव्हा थोडेच झाले होते. उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. ती टिळकांनीच करून दिली होती.