आमची बारावी आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर’

स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी थोडा इतिहास लिहितो. आपल्या बॅचच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा. 1993 साली आपला बारावी सायन्सचा निकाल लागला, तेव्हा चांदूर बाजारात या विषयावर सल्ला देणारी माणसे माझ्या माहितीत दोनच होती. एक आपले गणिताचे सर आणि दुसरे वीज बोर्डाचे ज्युनिअर इंजिनिअर साहेब. साहेबांचा सल्ला नेहमी एकच : “इलेक्ट्रिकल घे. कारखाना बंद पडेल, पण लाइट लागणारच.”

आपल्या आधीच्या पिढीला तर सल्ल्याचीही गरज नव्हती. नागपूरचे विश्वेश्वरय्या कॉलेज 1960 चे, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चे. तिथे नंबर लागला तर लागला, नाहीतर बी.एस्सी. किंवा घरची कपाशी आणि संत्रा. 1983 साली हे चित्र बदलले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि बडनेरा, शेगाव, पुसद इथे महाविद्यालये उभी राहिली. त्याच वर्षी 1 मे रोजी अमरावती विद्यापीठ नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले. वऱ्हाडातल्या पोरांसाठी डिग्री एस.टी.च्या टप्प्यात आली. पैशाच्या टप्प्यात मात्र आली नाही. ‘डोनेशन’ हा शब्द आपल्या घराघरांत तेव्हाचाच. 1987 मध्ये राज्याने कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला, पण घरच्यांच्या मनातली धास्ती काही गेली नाही.

मग आले आपले वर्ष. 4 फेब्रुवारी 1993 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल दिला. आपण तेव्हा प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या घेत फिरत होतो, कोणाला पत्ता? त्या निकालाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा ‘फ्री सीट’ झाल्या. गुणवत्तेवर प्रवेश आणि फी सरकारी कॉलेजइतकी. उरलेल्या निम्म्या ‘पेमेंट सीट’. त्याही गुणांवरच भरायच्या, फक्त फी कितीतरी जास्त. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ही योजना मोडीत निघाली. म्हणजे जेमतेम नऊ वर्षे ती टिकली आणि आपण नेमके तिच्या पहिल्या वर्षात सापडलो.

सरांनी मला घरी बोलावून हे समजावले. फॉर्मवर पत्ता लिहिताना ‘बाजार’ हा शब्द ठळक लिही, हेही सांगितले. नुसते चांदूर लिहिले की पत्र चांदूर रेल्वेला जाते, हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे.

आता ब्रँचचा प्रश्न. मला कॉम्प्युटर हवे होते. तोवर मी एकही कॉम्प्युटर जवळून पाहिला नव्हता, हा भाग वेगळा. बाबा म्हणाले, “काऊन रे पोट्ट्या, कॉम्प्युटर का पेरता येते का? बोर्डात लागशीन तर जिंदगी सुटन.” यातून मार्ग काढला तो आपल्या विदर्भातल्या विद्यापीठांच्याच एका ब्रँचने : इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर. बाबांना ‘पॉवर’ ऐकू आले, मला ‘इलेक्ट्रॉनिक्स’. पुण्या-मुंबईकडचे लोक पुढे मला विचारत, ही कसली ब्रँच? पण ती तडजोड अडाणी नव्हती. सकाळी सिंक्रोनस मशीन आणि दुपारी 8085 मायक्रोप्रोसेसरच्या किटवर हेक्साडेसिमल आकडे दाबत बसायचे. मधला दुवा थायरिस्टर. याच थायरिस्टरच्या जोरावर त्या दशकाच्या शेवटी चंद्रपूरची 1500 मेगावॉट वीज डी.सी. करून साडेसातशे किलोमीटरवर पडघ्याला नेली गेली आणि तिथे पुन्हा ए.सी. केली गेली. इतका पुढचा विचार करून मी ब्रँच घेतली असे सांगणे खोटे ठरेल. मी 1997 ला पास झालो आणि वाय-टू-केच्या कामावर पुण्याला गेलो. वर्षाचे दोन आकडे जिथे होते तिथे चार करायचे. पॉवर तिथेच राहिली.

आता जे लिहायचे म्हणून हा लेख घेतला, ते. आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा, कुरळ्या केसांचा. नाव लिहीत नाही. तो हे वाचणार आहे. पी.सी.एम.ला त्याचे माझ्यापेक्षा चार गुण जास्त होते. अमरावतीच्या एस.टी.त, वलगावच्या अलीकडे, त्याने मला विचारले, “प्रायव्हेटचा फॉर्म भरू का? लाखभर मागतीन ना?” फ्री सीटचे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “मागतीन बहुतेक.” त्याने फक्त शासकीय कॉलेज भरले. तिथे आम्हा दोघांचाही नंबर लागला नाही. मला फ्री सीट मिळाली. यादीत माझ्या खाली थोडीच नावे होती.

तो बी.एस्सी.ला गेला, दुसऱ्या वर्षी वडील गेले, मग मोटर रिवाइंडिंगचे दुकान टाकले. आजही तालुक्यातले शेतकरी जळालेली मोटर त्याच्याकडेच आणतात. मी दिवाळीला गेलो की दुकानात बसतो, चहा पितो, उठतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्याचा फोन आला. पोरगी सी.ई.टी. चांगल्या पर्सेंटाइलने पास झाली होती, ऑप्शन फॉर्म भरायचा होता. एआय, डेटा सायन्स, आयओटी, नावांचे जंगल. “तुले कळते त्यातलं, ये ना,” म्हणाला. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. दुकानात, तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये लॅपटॉप ठेवून आम्ही तिघांनी दुपारभर यादी लावली. कुठली फी किती, कुठली सवलत लागू होते, मुलींना काय माफ आहे, सगळे ओळ न ओळ वाचले. पोरीने पहिल्या पसंतीला कॉम्प्युटर टाकले, दुसऱ्या पसंतीला इलेक्ट्रिकल.

ती आत गेल्यावर मी त्याला वलगावच्या एस.टी.तले सांगितले. तो हातातली वाइंडिंग संपवत होता. फेरे मोजून झाल्यावर म्हणाला, “सरांनी मले बी सांगितलं होतं. पण तू म्हणलास मागतीन, मंग मले तुयाच भरोसा वाटला.”